सर्वानुमते, हौसाक्का सोडून

सगळ्या नोकरीत मी जेवढं लिहिलं, त्यातला सगळ्यात देखण्या अक्षरात लिहिलेला शब्द खोटा होता. शब्द होता 'सर्वानुमते'. तो लिहिताना मला वाईट वाटलं नव्हतं, हेही आधीच सांगून टाकतो. वाईट नंतर वाटलं, आणि मग वाटतच राहिलं. माझी बायको म्हणते, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसता? गोष्ट एवढीशी असेलही. पण जिच्या बाबतीत तो शब्द खोटा होता, ती बाई एवढीशी नव्हती.

तशी उंचीला ती एवढीशीच होती. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात अंड्यांची बुट्टी आणि काखेत मिलिटरीची जुनी काळी छत्री. ही छत्री पावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती बोट दाखवण्यासाठी होती. हौसाक्काला एखादी गोष्ट दाखवायची असली की ती छत्रीच्या टोकानं दाखवायची, आणि गावात तिला दाखवण्यासारखं बरंच सापडायचं.

जिल्हा परिषदा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हाचं हे सांगतोय. मी साताऱ्याकडचा. ग्रामसेवक म्हणून माझी पहिलीच नेमणूक सांगली जिल्ह्यात, पलूसच्या बाजूच्या एका गावात झाली. ग्रामसेवकाला तिकडे सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात. विशीतल्या पोराला म्हाताऱ्या माणसांनी भाऊसाहेब म्हटलं की त्याची मान जरा ताठ होतेच. माझीही झाली होती. त्यात माझं अक्षर चांगलं. सरपंचांना सगळे आबा म्हणत. ते आल्या-गेल्या पाहुण्याला माझं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, उघडून दाखवायचे, "बगा, मोत्यावानी हाय का न्हाई?" पाहुणे अर्थातच व्हय म्हणायचे.

हौसाक्काची आणि माझी ओळख घरपट्टीवरून झाली. घरपट्टी मागायला निघालो की मला लांबून पाहून लोक बोळ बदलायचे. चांगली खातीपिती माणसंही, "भाऊसायेब, गूळ निगूं द्या की," म्हणून टोलवायची. अशा वेळी ही बाई स्वतः चावडीवर आली. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत तिचं घर. नवरा फौजेत होता, तो वारलेला. मुलगाही फौजेतच. थोडी पेन्शन आणि कोंबड्या यांवर तिचं चालायचं. पॅसेंजरनं मिरजेला जाऊन दवाखान्यांच्या बाजूला ती अंडी विकायची.

तिनं टेबलावर पैसे ठेवले. "घ्या माजी पट्टी. पावती फाडा."

मी पावती फाडली. ती कमरेच्या पिशवीत गेली. पण बाई जागची हलेना.

"आता दावा."

"काय दाखवू?"

"माजं पैसं कुठं घालनार त्ये."

मला ती चेष्टा करते आहे असं वाटलं. मग मी माझ्या प्रशिक्षणातलं सगळं तिला समजावून सांगितलं. सगळ्यांची पट्टी एकत्र जमा होते, त्यातून गावाचा खर्च होतो, तुमचा रुपया वेगळा असा काढून दाखवता येत नाही.

"आवं, अंडी बी समदी येकाच बुट्टीत आसत्यात," ती म्हणाली. "पर कंचं कुठल्या कोंबडीचं त्ये मला ठावं आसतंय."

तिला कटवायचं म्हणून मी खिडकीतून चावडीसमोरच्या खांबावरचा कंदील दाखवला. म्हटलं, "तो बघा. तुमच्या पट्टीतून."

"ह्यो?" तिनं छत्रीचं टोक कंदिलाकडे केलं. "बरं. ह्यो माजा."

त्या दिवसापासून गावात फिरायला येईल तेव्हा ती त्या कंदिलाची काच पदरानं पुसायची. आमचा शिपाई गणपा कंदिलातलं रॉकेल अधूनमधून घरी न्यायचा, हे मला तिच्यामुळे कळलं. भर बाजारात तिनं त्याला हटकलं, "का रं गणपा, माजा कंदील काल आंधळा का हुता?" पुढं वर्षभर त्या खांबाखाली पोरं अभ्यासाला बसतील इतका उजेड पडायचा. दुसऱ्या साली पुन्हा पट्टी घेऊन आली आणि म्हणाली, "कंदील झाला. औंदा दुसरं कायतरी दावा." मी तिला शाळेची घंटा दिली. पुढं हेडमास्तर तक्रार घेऊन आले. ही बाई दारात उभी राहून, घंटा जपून मारा म्हणून पोरांना दम देते!

गावात तिला लोक हसायचे, पण तिच्यासमोर नाही. एक कारण रेडिओ.

पंचायतीनं त्या साली गावासाठी रेडिओ घेतला. चावडीला दार धड नाही, चोरीला जाईल, या कारणानं आबांनी तो आपल्या घरी पुढच्या सोप्यावर ठेवला. गावाचा रेडिओ आबांच्या घरी बोलू लागला. आबांच्या मनात काही वाईट होतं असं नाही. ते जुने पैलवान, मनानं मोकळे. कुणीही यावं, बसावं, ऐकावं, असं म्हणायचे. मात्र कुणीही म्हणजे वस्तीतलं कुणी येईल, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. एक दिवस संध्याकाळी हौसाक्का वस्तीतल्या सगळ्या बायका-पोरांना घेऊन आबांच्या अंगणात हजर. पोरं अंगणभर बसली. बायकांनी घोंगडी अंथरली. एकीनं तर शेंगा आणल्या होत्या.

"काय गं हौसाक्का, समदी पलटन?" आबा म्हणाले.

"गावाचा रेडू हाय न्हवं? गाव ऐकाय आलंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिला रेडिओचं विशेष कौतुक नव्हतं. बातम्या लागल्या की ती डुलक्या काढायची. आबांच्या मातोश्री मात्र तीन दिवस माजघरातून बाहेर आल्या नाहीत. आठवडा व्हायच्या आत चावडीला नवं दार बसलं, कुलूप लागलं आणि रेडिओ तिथं गेला. हौसाक्का पहिल्या दिवशी पाहायला आली, दाराला छत्रीनं ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "शिसवी हाय का बाभळीचं?"

तिचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. कित्येकदा ती साफ चुकायची. शाळेला चुना लावला त्या साली आबांचं घरही त्याच सुमारास पांढरंशुभ्र झालं. झालं! ग्रामसभेत ही उभी राहिली आणि म्हणाली, "साळंचा चुना आबांच्या भिंतीला लागलाय." गदारोळ झाला. आबा लालबुंद. पुढच्या ग्रामसभेला, विषय सुरू व्हायच्या आधीच ही पुन्हा उभी.

"मागल्या बारीला म्या आबास्नी चुनाचोर म्हनलं. त्ये चुकलं माजं. चुना तासगावासनं त्येंच्या पैशानं आला. गाडीवानाला इचारलं म्या. भाऊसायेब, लिवा."

"आगं, ऱ्हाऊ दे आता," आबा म्हणाले. "मिटलं न्हवं?"

"न्हाई, लिवा. मागलं बी लिवा आन आत्ताचं बी लिवा."

"मागलं कशाला? म्हंजी चुनाचोर दोनदा लिवायचं व्हय माज्या नावापुढं?"

सगळी सभा हसली. आबाही हसले. हौसाक्का हसली नाही. ती माझ्या लेखणीकडे पाहत होती. मी लेखणी हलवली.

इथं मला थांबलं पाहिजे. कारण 'लिवा' हा तिचा शब्द होता, आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सभेत बोललेलं सगळं त्या जाड वहीत जातं आणि एकदा गेलं की कायमचं राहतं, अशी तिची पक्की समजूत. फौजेतल्या नवऱ्यानं सांगितलेलं असावं. "रपोट लिवला की जनरलला बी पुसता येत न्हाई," असं ती म्हणायची. म्हणून ती काहीही बोलली की आधी माझ्या हाताकडे पाहायची, लेखणी हलली की समाधानानं खाली बसायची. आणि मी लेखणी हलवायचो. कागदावर नाही. कागदाच्या जरा वर.

कारण इतिवृत्त आधीच लिहून झालेलं असायचं. आमच्याकडची ही रीतच होती. माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं चार्ज देताना ती मला शिकवली होती. सभा व्हायच्या आदल्या दिवशी निवांतपणे, चांगल्या अक्षरात सगळे ठराव लिहून ठेवायचे. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' सभेत फक्त सह्या आणि अंगठे घ्यायचे. एवीतेवी सगळं सर्वानुमतेच होतं, आणि होत नसलं तरी तसं लिहिलं की वरच्या कचेरीतून शंका येत नाही. मला त्यात गैर काही वाटलं नाही. उलट गडबडीत लिहिलेलं अक्षर बिघडतं, त्यापेक्षा हे बरं, असंच वाटलं.

मग साकवाचं आलं.

वस्ती ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की पोरांची शाळा बंद, बाळंतिणीची पंचाईत, सगळंच बंद. त्यावर एक छोटा साकव, पायी जाण्यापुरता पूल, बांधायचा म्हणून पंचायतीनं पैसे बाजूला ठेवले होते. मधेच कळलं की जिल्ह्याचे कुणी मोठे पुढारी गावात येणार. आबांच्या मनानं घेतलं, गावाला वेस नाही, निदान कमान तरी हवी. पैसे एकच. कमान आधी, साकव पुढच्या साली, असा ठराव ठरला. मी तो आदल्या दुपारी लिहून काढला. त्या पानाचं अक्षर इतकं सुंदर उतरलं होतं की मी दोनदा वही लांब धरून पाहिली.

सुगीचे दिवस होते. वस्तीतली माणसं गुऱ्हाळांवर कामाला गेलेली. त्यांनी आपल्या वतीनं हौसाक्काला पाठवलं होतं, "आक्का, तू जा. आमची समद्यांची न्हाई सांग." ती आली. हजेरीचा अंगठा दिला. ठराव वाचून झाल्यावर आबांनी विचारलं, "कुनाची हरकत?"

"माजी."

"तुजी आसनारच."

"आवं आबा, कमानीखालनं जायला आदी गावात तर याया पायजे! पावसाळ्यात आमची पोरं साळंला कुठनं येतील? कमानीवरनं?"

लोक खो-खो हसले. एक जण म्हणाला, "आक्का, कमान आडवी पाडू या, म्हंजी साकव बी हुतोय."

"पाडा की!" ती म्हणाली. मग छत्री खाली ठेवली. ती छत्री खाली ठेवून बोलली असं मी त्या एकाच वेळी पाहिलं. "माजी न्हाई हाय. वस्तीची न्हाई हाय. हितं मी येकटी आसंन, पर लिवा."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

एक रेघ मारायची होती. 'सर्वानुमते' खोडून वर 'बहुमताने' लिहायचं, आणि खाली एक ओळ, हौसाबाईंचा विरोध. आबांनी मला काही सांगितलं नव्हतं, डोळ्यानं खूणही केली नव्हती. त्यांना वाचायचा कंटाळाच होता. मी पानाकडे पाहिलं. स्वच्छ पान, कुठं डाग नाही. मी लेखणी कागदाच्या जरा वर हलवली. ती खाली बसली.

पुढच्या आठवड्यात ती मिरजेहून तशीच सांगलीला गेली आणि जिल्हा परिषदेच्या कचेरीत कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन तो देऊन आली. कचेरीनं माझ्याकडे खुलासा मागितला. अजूनही वेळ गेली नव्हती. मी लिहिलं, 'इतिवृत्तात नमूद केल्याप्रमाणे.' माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि चूक कबूल करण्यापेक्षा तसं लिहून टाकणं सोपं होतं.

उत्तर आलं ते तिच्या नावानं, पंचायतीमार्फत. वाचून दाखवायला मीच गेलो. गुऱ्हाळं संपली होती, माणसं घरी होती. तिच्या दारापुढं सगळी वस्ती जमली. मी मधोमध उभा राहून वाचलं: अर्जदार बाई स्वतः सभेस हजर होत्या, ठराव सर्वानुमते मंजूर झाला आहे, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

"सर्वानुमते म्हंजी?" तिनं विचारलं.

"सगळ्यांच्या मतानं."

"समद्यांत मी बी?"

"कागदात तसं आहे."

"आन माजी न्हाई?"

मी कागदाची घडी घातली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं," आणि कोंबड्या झाकायला गेली. दुपार होती. कोंबड्या झाकायची वेळ नव्हती.

ती मला एक शब्द बोलली नाही. बोलायला वस्तीच पुढं झाली. नेमका त्याच महिन्यात तिच्या घरावर नवा पत्रा चढला होता. मुलानं फौजेतून पैसे पाठवले होते, ती मनीऑर्डर येताना मी पाहिली होती. पण वस्तीत कुजबुज सुरू झाली, की आक्का आमची 'न्हाई' सांगायला गेली आणि आबांचा पत्रा घेऊन आली. आबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते गडगडाटी हसून म्हणाले, "आक्का हाय ती आमचीच!" त्यांना ती गंमत वाटली. त्या गमतीनं उरलंसुरलंही संपलं. त्या पावसाळ्यात ओढा भरला, पोरं घरी बसली, आणि ज्यांची पोरं घरी बसली ते तिच्या दारावरून जाताना वर पत्र्याकडे पाहायचे.

ती पट्टी भरायला यायची, सगळ्यांच्या आधी. पावती घ्यायची. पण आता "दावा" म्हणायची नाही. मी एकदा आपण होऊन म्हटलं, "आक्का, औंदा पाण्याचा हौद तुमचा." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊसायेब. समद्यांचाच हाय." ग्रामसभेलाही ती पुन्हा आली नाही. सभा लवकर आटोपायच्या. माझं अक्षर तसंच सुंदर यायचं.

पुढं माझी बदली साताऱ्याकडे झाली. इतिवृत्त आधी लिहिणं मी सोडलं. माझ्या वह्यांत खाडाखोड सुरू झाली, वरून शेरेही आले. मला वाटलं, झालं, आपण सुधारलो. सुधारून काही होत नाही, हे मिरजेत कळलं. दशक संपत आलं होतं. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो. फाटकाशी एक बाई अंडी विकत होती. मी दोन घेतली, तर ती हसून म्हणाली, "भाऊसायेब न्हवं? वळीकलं न्हाई व्हय? हौसाक्काची सून मी."

"आक्का कशा आहेत?"

"हायत की. कान गेल्यात. कुनाकडं जाईत न्हाईत, बोलत न्हाईत. बसून आसत्यात आपल्या."

"वस्तीत अजून ते..."

तिनं पैसे मोजले. "पत्रेवालीच म्हनत्यात," ती म्हणाली.

आईला बरं वाटल्यावर मी पॅसेंजर पकडली. गावात शिरताना कमान लागली. साकव झाला नव्हता. वहाणा हातात घेऊन ओढा ओलांडला आणि वस्तीत गेलो.

आक्का दारात बसून शेंगा फोडत होती. फारच लहान झाली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं सरकून जागा दिली. मी शेजारी बसलो आणि खालच्या आवाजात, कुणी ऐकणार नाही असं बोललो, "आक्का, त्या सभेत तुम्ही नाही म्हणाला होता. मी ते लिहिलं नाही. चुकलं माझं."

तिनं कानाला हात लावला. "काय?"

मी जरा मोठ्यानं सांगितलं.

"पाऊस? न्हाई अजून." ती म्हणाली. "कान गेल्यात, भाऊसायेब."

घरात सून चहा टाकत होती. स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "साखर कुठं ठेवलीया कुनास ठावं."

"फळीवर, निळ्या डब्यात," हौसाक्का म्हणाली. मान न वळवता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती शेंगा फोडत राहिली. दाणे सुपात, टरफलं बाजूला.

मी उठलो. पायरी उतरून वस्तीच्या मधोमध, पूर्वी पत्र वाचायला उभा राहिलो होतो तिथं गेलो. एक जण दोर वळत होता. बायका धुणं वाळत घालत होत्या. मी ग्रामसभेत ठराव वाचायचो त्या आवाजात सांगायला सुरुवात केली. मी इथला जुना ग्रामसेवक. कमानीच्या सभेत हौसाक्का नाही म्हणाली होती, स्वतःच्या नावानं आणि तुमच्या नावानंही. माझं पान बिघडेल म्हणून मी ते लिहिलं नाही, आणि नंतर घाबरून खोटं तेच खरं म्हणून इथं तुम्हाला वाचून दाखवलं. पत्रा तिच्या मुलाच्या पैशाचा होता, मनीऑर्डर मी डोळ्यांनी पाहिली आहे. दोर वळणाऱ्याचे हात थांबले. माणसं दारात आली.

मागून तिचा आवाज आला. "त्या पल्याडच्या घरापतूर गेलं न्हाई, भाऊसायेब. आनी येकदा."

मी पलीकडच्या घराकडे तोंड केलं आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला.

"हौसाक्का न्हाई म्हनली हुती! खोटं मी लिवलं! आक्का, मला माफ करा!"